ही गाडी कोणाची?

मी नोकरीला हैदराबादला आणि घर राजुऱ्याला. त्यामुळे महिना-दोन महिन्यांतून एकदा शुक्रवारी रात्री सिकंदराबादहून गाडी पकडायची, शनिवारी सकाळी घरी, आणि रविवारी रात्री परत, असा कार्यक्रम ठरलेला. या प्रवासात एक गंमत आहे, जी मला इतकी सवयीची झालीये की ती गंमत आहे हेच विसरायला झालं होतं.

गाडी काझीपेठ, सिरपूर कागजनगर करत येते. मग विरूर स्टेशन जातं. (हे आमच्या तालुक्यातलं गाव. गावाच्या नावातच 'स्टेशन' आहे.) मग विहीरगाव जातं, माणिकगड जातं. म्हणजे माझा तालुका आला, माझं गाव जवळून गेलं, खिडकीतून ओळखीची झाडंसुद्धा दिसली. पण एक्सप्रेस काही थांबत नाही. ती धडधडत वर्धा नदीचा पूल ओलांडते आणि बल्हारशाहला जाऊन उभी राहते. तिथे मी उतरतो, एसटी किंवा काळी-पिवळी बघतो, आणि तीच वर्धा नदी उलटी ओलांडून दहा-बारा किलोमीटर मागे येतो.

गेल्या वेळी घरी पोचलो तर आजोबा ओसरीवर बसलेले. म्हणाले, "कुठं होता रे? तुझी गाडी तर कधीचीच गेली इथून. मी शिट्टी ऐकली ना."

म्हटलं, "आजोबा, गाडी गेली, पण मी तिच्यात होतो. तिला थांबवणार कोण?"

यावर त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. "हे गाडी आहे कोनाची? म्हंजे सांगाचं झालं तर कोनाले सांगाचं?"

आता मी इंजिनीअर माणूस. 'ओनर कोण' हा प्रश्न ऑफिसात मी दिवसातून चार वेळा विचारतो. कुठलाही बग आला की आधी हेच बघायचं, हे मॉड्यूल कोणाचं? आणि इथे माझ्या स्वतःच्या गावच्या गाडीबद्दल मला उत्तर देता येईना. मग नेहमीप्रमाणे शनिवार-रविवार वाचण्यात गेला. जे हाती लागलं ते इतकं भारी निघालं की म्हटलं लिहूनच काढू.

*

आधी थोडा भूगोल. राजुरा आज चंद्रपूर जिल्ह्यात आहे, पण १९५६ पर्यंत तो निजामाच्या जुन्या मुलखात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. वर्धा नदी ही सरहद्द. नदीच्या पलीकडे बल्लारपूर, चांदा म्हणजे इंग्रजांचा मध्य प्रांत. अलीकडे हैदराबाद संस्थान: त्याचं चलन वेगळं, टपाल वेगळं, जकात वेगळी. म्हणजे मी आज जी नदी झोपेत ओलांडतो, ती ओलांडताना माझ्या पणजोबांना खिशातले पैसे बदलावे लागत असणार.

आता रेल्वे. इंग्रजांच्या बाजूने वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली ती १८७० च्या दशकात, मुख्यतः वरोऱ्याच्या कोळशासाठी. निजामाच्या बाजूने वाडी ते सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली १८७४ मध्ये. नकाशा समोर ठेवला तर कोणालाही दिसेल की ही दोन टोकं जोडली की उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थान जोडला जातो. मधे कोळसाही मिळतो. मग जोडा की!

आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

१८८३ मध्ये हैदराबादला 'चांदा रेल्वे योजना' पुढे आली. संस्थानातली रेल्वे एका इंग्रज कंपनीला द्यायची, तिने ती पुढे वाढवायची, त्यात चांद्यापर्यंत मार्ग न्यायचा. कंपनीने भांडवल उभं करायचं लंडनमध्ये, आणि त्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी द्यायची निजाम सरकारने, वीस वर्षांसाठी. म्हणजे रेल्वे नफ्यात चालो की तोट्यात, भागधारकाला त्याचे पाच टक्के मिळणारच. कमी पडले तर ते हैदराबादच्या खजिन्यातून, म्हणजे शेवटी रयतेकडून. (आजकाल बातम्यांत पीपीपी वगैरे वाचून आपल्याला वाटतं की हे काहीतरी नवीन आहे. अजिबात नाही.)

वेळही बघा कशी होती. दिवाण पहिले सालारजंग फेब्रुवारी १८८३ मध्ये वारले होते. निजाम महबूब अली खान अजून वयात आलेले नव्हते. घरचा कर्ता माणूस गेलेला, मुलगा लहान, आणि दारात करारनामा घेऊन उभी असलेली मंडळी. असे करार अशाच वेळी होतात.

त्या वेळी हैदराबादला डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय नावाचे एक बंगाली गृहस्थ होते. एडिनबरा विद्यापीठातून विज्ञानाची डॉक्टरेट मिळवलेले. हैदराबादला इंग्रजी शिक्षणाचं कॉलेज उभं करणारे. सरोजिनी नायडूंचे वडील, पण तेव्हा सरोजिनी चार वर्षांची होती. ते, मुल्ला अब्दुल कय्यूम आणि त्यांच्याबरोबरची काही शिकलेली मंडळी पुढे आली. त्यांची मागणी ऐका. 'रेल्वे नको' अशी ती नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच, की कराराचा तपशील जाहीर करा, लोकांना तो वाचू द्या, त्याचा विचार करू द्या, आणि मग सही करा.

बस्स. हिशेब दाखवा, एवढंच.

मे १८८३ मध्ये अघोरनाथांना नोकरीतून निलंबित करून संस्थानाबाहेर घालवून दिलं गेलं. हद्दपार! रेल्वेच्या कराराची माहिती मागितली म्हणून! हैदराबाद संस्थानातलं हे आधुनिक काळातलं पहिलं सार्वजनिक आंदोलन मानलं जातं, आणि ते चांद्याच्या रेल्वेवरून झालं. मी हैदराबादला इतकी वर्षं राहतोय, घरी जायला दर वेळी याच मार्गाने येतो, आणि मला याचा पत्ता नव्हता.

करार व्हायचा तो झालाच. त्याच वर्षाच्या शेवटी 'निजामाज गॅरंटीड स्टेट रेल्वे' नावाची कंपनी मैदानात आली. तिने वरंगळच्या बाजूने मार्ग नेत १८८९ मध्ये बेजवाडा, म्हणजे आजचं विजयवाडा, गाठलं. आणि ज्या चांद्याच्या नावाने हे सगळं रामायण घडलं, तिथे जाणारी रेल्वे? ती तेव्हा झालीच नाही! काझीपेठहून बल्हारशाहपर्यंतचा सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग पूर्ण व्हायला १९२९ साल उजाडलं. अघोरनाथांना हाकलल्याला तोवर ४६ वर्षं झाली होती, आणि ते हयातही नव्हते.

*

१९२९ मध्ये हा दुवा जोडला गेला आणि दिल्ली-मद्रास थेट मार्ग तयार झाला. ग्रँड ट्रंक एक्सप्रेस, आपली जीटी, ही त्याच वर्षीची. त्यानंतर दोन-तीन वर्षांत हैदराबादने दोन गोष्टी केल्या, ज्या मला एक इंजिनीअर म्हणून फार आवडल्या.

पहिली: १ एप्रिल १९३० रोजी निजाम सरकारने कंपनीकडून रेल्वे विकत घेतली. हमी आपण द्यायची आणि कारभार लंडनने करायचा, हा प्रकार संपला.

दुसरी त्याहून मजेशीर. तो काळ मोटारीचा. जिथे रेल्वे, तिथेच शेजारून रस्ता, आणि त्या रस्त्यावर खाजगी बसवाले रेल्वेचे प्रवासी पळवायला लागलेले. ब्रिटिश हिंदुस्थानात यावर समित्या बसल्या, अहवाल निघाले, रेल्वेवाले आणि मोटारवाले भांडत राहिले. हैदराबादने जून १९३२ मध्ये काय केलं, तर बस चालवायचं काम रेल्वेच्याच हातात दिलं. रेल्वेचंच एक रस्ते वाहतूक खातं. सुरुवात २७ बस आणि १६६ कर्मचारी एवढ्यावर. देशातल्या सरकारी बससेवेच्या सुरुवातीच्या खुणा शोधत गेलात तर याच २७ गाड्यांपाशी येऊन थांबाल. आपली एसटी पुणे-नगर रस्त्यावर धावायला लागली ती १ जून १९४८ ला, म्हणजे सोळा वर्षांनी.

(हैदराबादी मित्रांकडून ऐकलेला एक किस्सा: तिथल्या आरटीसीच्या बसच्या नंबरात 'झेड' अक्षर असतं. लोक सांगतात, निजामाला बसना आपल्या आईचं, झहरा बेगमचं नाव द्यायचं होतं, ते नाही जमलं म्हणून अक्षर तरी ठेवलं. खरं-खोटं देव जाणे, पण 'झेड' मात्र मी रोज बघतो.)

आता विचार करा, याचा अर्थ काय होतो. रेल्वेस्टेशनवर उतरलेल्या माणसाला पुढे बस मिळावी की नाही, हा प्रश्न दोन वेगळ्या खात्यांचा राहिलाच नाही. एकच साहेब. गाडी उशिरा आली आणि बस निघून गेली, तर दोन्हीचा दोष एकाच्याच डोक्यावर. आमच्या भाषेत 'सिंगल ओनर'. १९३२ ते १९५१ अशी जवळजवळ वीस वर्षं माझा तालुका या व्यवस्थेत होता.

आता इथे थांबून 'वा, काय तो निजामाचा काळ' असं म्हणायचा मोह होतो. मलाही झाला. पण थांबा.

ही रेल्वे आली ती माझ्या पणजोबांना सासुरवाडीला नेण्यासाठी नव्हे. ती आली कोळसा, लाकूड आणि दिल्ली-मद्रास वाहतुकीसाठी. ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेंडॉर्फ हा मानववंशशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहिला. त्याने लिहून ठेवलंय की रस्ते आणि रेल्वे आल्यावर बाहेरचे लोक, ठेकेदार, सावकार आत शिरले आणि गोंडांच्या हातातून जमिनी गेल्या. त्याला निजाम सरकारने तिकडे पाठवलं तेच मुळी कोमरम भीमच्या उठावानंतर. जंगलखात्याच्या जाचाविरुद्ध उभा राहिलेला हा गोंड नेता १९४० मध्ये जोडेघाटला पोलिसांच्या गोळीने मारला गेला. म्हणजे त्या सरकारला प्रश्न विचारला की काय होतं याची दोन उदाहरणं झाली. १८८३ मध्ये शहरातल्या डॉक्टरला हद्दपारी, १९४० मध्ये जंगलातल्या माणसाला गोळी.

व्यवस्था नीट होती, पण ती कोणाला उत्तर देणं लागत नव्हती. हे विसरून चालणार नाही.

*

मग १९४८. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, संस्थान भारतात आलं. राजुऱ्यात आजही १७ सप्टेंबरला मुक्तिदिन साजरा होतो.

आणि त्यानंतर आमची गाडी आणि आमची बस यांची ताटातूट झाली. तारखा बघा. १ नोव्हेंबर १९५१ ला रस्ते वाहतूक खातं रेल्वेपासून वेगळं होऊन हैदराबादच्या राज्य सरकारकडे गेलं. ५ नोव्हेंबर १९५१ ला निजामाची रेल्वे नव्या मध्य रेल्वेत विलीन झाली. चार दिवसांत वीस वर्षांचा संसार मोडला! रेल्वे दिल्लीची, बस राज्याची. याला कारणही होतं. देशभर रेल्वे केंद्राकडे आणि रस्ते राज्यांकडे, हे घटनेनेच ठरवलेलं होतं. एका संस्थानाची चाल सगळ्या देशाला कशी लागू करणार?

पण आमच्या तालुक्याचं शेपूट अजून संपलं नव्हतं. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली. मराठी म्हणून राजुरा आदिलाबादमधून निघून मुंबई राज्यात आला, आणि त्याला जोडलं कुठे, तर नांदेड जिल्ह्याला. आजोबा तेव्हा शाळेत होते. ते सांगतात, "जिल्ह्याचं काम निघालं का आदिलाबाद, किनवट करत जाचं. दोन दिवस मोडाचे. अन् चांदा इथं, नदीपलीकडे." शेवटी १९५९ मध्ये राजुरा चांदा जिल्ह्यात आला. आजोबांचा आवडता डायलॉग: "घर तेच, पन तीन राज्यं पायली म्या. निजामाचं, मुंबईचं अन् महाराष्ट्र."

बस तालुक्याबरोबर आली. आधी हैदराबादची होती, ती एसटी झाली. आज राजुऱ्याला एसटीचा डेपो आहे, चंद्रपूर विभागातला.

रेल्वे मात्र तालुक्याबरोबर आली नाही. रूळ काही उचलून नेता येत नाहीत, आणि रेल्वेच्या हद्दी जिल्ह्यांच्या हद्दी बघून ठरत नाहीत. २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे हा नवा झोन झाला, मुख्यालय सिकंदराबाद, आणि आमचा मार्ग तिकडे गेला. सीमा पडली बल्हारशाहला. बल्हारशाह स्टेशन मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाचं. तिथून वर्धा नदी ओलांडली की सिकंदराबाद विभाग.

आली ना गंमत लक्षात? संस्थान गेलं, निजाम गेले, तालुका तीन जिल्हे फिरून आला. पण रेल्वेच्या नकाशावर वर्धा नदी अजून सरहद्दच आहे. १८८३ च्या आधीपासून ती जिथे होती, तिथेच.

*

आता आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. ही गाडी कोणाची?

विरूर स्टेशनवर गाडी थांबावी असं वाटत असेल तर सिकंदराबादला सांगायचं. बल्हारशाहच्या प्लॅटफॉर्मवर पाणी नसेल तर नागपूरला सांगायचं. बल्हारशाहहून राजुऱ्याला यायला बस नसेल तर चंद्रपूरच्या एसटीला, आणि ती एसटी मुंबईच्या मंत्रालयाला. नदीवरच्या रस्त्याचं आणखी वेगळंच खातं. मधल्या दहा-बारा किलोमीटरच्या प्रवासाला चार कार्यालयं लागतात, आणि 'गाडी आल्यावर बस उभी पाहिजे' हे काम चौघांपैकी कोणाच्याच यादीत नाही.

खरं तर कायद्यात ते आहे! एसटी महामंडळं ज्या १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली चालतात, त्याच्या कलम ३ मध्येच महामंडळ कशासाठी काढायचं याची कारणं दिलीत. त्यात एक कारण असं की रस्ते वाहतुकीचा वाहतुकीच्या इतर साधनांशी मेळ घालणं. म्हणजे कागदावर आपण १९३२ ची शहाणीव जपून ठेवलीये. फक्त ती वापरायची राहून गेली.

मेळ नसला की काय होतं ते पावसाळ्यात बघावं. वर्धेला पूर आला की राजुरा-बल्लारपूर रस्त्यावरचा पूल पाण्याखाली जातो. जुलै २०२२ मध्ये असंच झालं. बस बंद, जीप बंद. रेल्वेचा पूल मात्र उंच. म्हणजे त्या दिवसांत जिल्ह्याच्या ठिकाणी, मोठ्या दवाखान्यात जायचा सरळ रस्ता उरतो तो रुळांचा. आणि रुळांवरच्या एक्सप्रेस गाड्या आमच्या बाजूला थांबत नाहीत. पॅसेंजर थांबतात, तर त्यांची काय कथा झाली? मार्च २०२० मध्ये कोविडमुळे देशभर पॅसेंजर गाड्या थांबल्या. परत आल्या तेव्हा बऱ्याच ठिकाणी भाडं एक्सप्रेसचं. कमीत कमी तिकीट १० रुपयांचं होतं, ते ३० रुपये. गाडी तीच, वेग तोच. पूर्वीचं भाडं परत यायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. मजुरीवर जाणाऱ्या माणसाला रोज ४० रुपये जास्त. आपल्या कॉफीच्या निम्मे सुद्धा नाहीत, मान्य. पण ज्याच्या खिशातून गेले त्याला विचारा.

बसची बाजूही बघू. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला. कर्मचाऱ्यांची मुख्य मागणी, आम्हाला राज्य सरकारात विलीन करा. मागे वळून बघितलं तर तीही एका अर्थाने 'आमचा मालक कोण ते एकदा ठरवा' अशीच मागणी होती.

आणि सरहद्दीवरचा हा एक नमुना. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट. तेलंगणात डिसेंबर २०२३ पासून तिथल्या बायकांना आरटीसीच्या साध्या बसमध्ये पूर्ण मोफत. माझी एक आत्या सिरपूरला दिलेली आहे. ती माहेरी येते तेव्हा हद्दीपर्यंत फुकट, हद्दीपुढे तिकीट. म्हणते, "बाबू, बस तेच, सीट तेच, अन् मधातच कंडक्टर पैसे मागते!" :)

*

हसण्यावारी नेता येणार नाही अशीही एक गोष्ट आहे. २०१८ मध्ये बल्हारशाह आणि चंद्रपूर या स्टेशनांना सुशोभीकरणाच्या स्पर्धेत देशात पहिलं बक्षीस मिळालं. भिंतींवर ताडोबाचे वाघ, झाडं, फार सुंदर चित्रं. मी स्वतः फोटो काढून मित्रांना पाठवले होते. २७ नोव्हेंबर २०२२ ला त्याच बल्हारशाह स्टेशनवर पादचारी पुलाच्या स्लॅबचा भाग प्रवाशांसकट खाली रुळांवर कोसळला. एका शिक्षिकेचा जीव गेला, बरेच जण जखमी झाले.

त्या पुलावरून मी किती वेळा बॅग घेऊन धावलोय, मोजलं नाही.

यातून काय शिकायचं? चित्रं सगळ्यांना दिसतात, म्हणून तिथे बक्षीस असतं. पुलाचं पोट कोणी बघत नाही, म्हणून तिथे तपासणारा लागतो, आणि तो चालवणाऱ्यापासून वेगळा लागतो. हे आपल्या देशाला कळत नाही असंही नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्त नावाचं जे पद आहे, ते रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली येत नाही. १९४१ मध्ये ते मुद्दाम रेल्वे बोर्डापासून तोडलं, आणि आज ते चक्क नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे. कारण सोपं: ज्याची तपासणी करायची, त्याच्याच हातात तपासणाऱ्याची बढती असू नये. आम्ही सुद्धा स्वतःच्या कोडचं टेस्टिंग स्वतः करून 'पास' म्हणत नाही. (निदान सांगतो तरी असं.)

मात्र हा आयुक्त बघतो सुरक्षा. गाडी कोणासाठी चालते, कुठे थांबते, बसशी जुळते का, लोकांना परवडते का, हे बघणारा असा तिऱ्हाईत कोणी नाही. सल्लागार समित्या आहेत, विभागाची एक, झोनची एक. पण सल्ला आणि जाब यांत फरक असतो.

जगात इतरांनी काय केलं? जर्मनीने १९९६ पासून प्रादेशिक गाड्यांची जबाबदारी आणि त्यासाठीचा पैसा राज्यांकडे दिला. रूळ कोणाचेही असोत, अमुक मार्गावर तासाला किती गाड्या हव्यात हे राज्य ठरवतं, आणि गाडी नसली तर लोक राज्याला धरतात. स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये सगळ्या देशात ठरावीक अंतराने गाडी हे वेळापत्रक आणलं. गाडी स्टेशनात शिरते तेव्हा पिवळी पोस्टाची बस बाहेर उभी असते. तिकडे गेलेले मित्र हे 'स्विस शिस्त' म्हणून सांगतात. पण १९८७ मध्ये रेल्वेच्या मोठ्या विस्तारावर तिथे चक्क जनमत घेतलं गेलं, योजना लोकांसमोर ठेवून मतं मागितली, आणि लोकांनी हो म्हटलं. ही फक्त शिस्त नव्हे, अघोरनाथ जे मागत होते तेच तिथे झालं. आधी तपशील, मग सही.

आपल्याकडेही गोष्ट हळूहळू तिकडे सरकतेय. वडसा-गडचिरोली रेल्वेमार्गाच्या खर्चाचा निम्मा वाटा राज्य सरकारने उचलायचं ठरलं. गडचिरोलीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणाला रेल्वे मिळणं ही मोठीच गोष्ट. पण राज्याने पैसा घातला, म्हणजे राज्याला प्रश्न विचारायचा हक्क आला, आणि राज्याला म्हणजे आपल्याला. त्या मार्गावर खनिजाच्या गाड्या किती आणि माणसांच्या किती, हे आधीच विचारायला हवं. काझीपेठ-बल्हारशाहच्या वेळी ते कोणी विचारू शकलं नव्हतं.

*

तर एवढं सगळं वाचून मी काय केलं? माहितीच्या अधिकाराखाली एक अर्ज केला. आमच्या बाजूच्या थांब्यांबद्दल आणि बसच्या वेळांबद्दल पाच साधे प्रश्न. ज्या कार्यालयाला पाठवला त्यांनी तो 'आपल्याशी संबंधित नाही' म्हणून दुसऱ्याकडे पाठवला. दुसऱ्याने तीन प्रश्नांची उत्तरं दिली आणि दोन प्रश्न तिसऱ्याकडे ढकलले. ऑफिसात तिकीट एका टीमकडून दुसऱ्या टीमकडे उडतं तसंच. पण तीन उत्तरं आली, हेही खरं.

पुढच्या वेळी घरी गेलो तेव्हा आजोबांना ती पत्रं दाखवली. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचली. म्हटलं, "आजोबा, निजामाच्या काळात मालक एकच होता, पण त्याला विचारायची सोय नव्हती. आता विचारायची सोय आहे, पण मालक सापडत नाही."

ते म्हणाले, "किती पैसे लागले रे याले?"

"दहा रुपये."

"अन् त्या डॉक्टरले?"

मी त्यांना अघोरनाथांची गोष्ट सांगितली होती, ती त्यांच्या बरोबर लक्षात होती. मी काहीच बोललो नाही. नोकरी आणि गाव, हे उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

थोड्या वेळाने नदीच्या बाजूने शिट्टी ऐकू आली. आजोबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "बाकीचे दोन राह्यले ना? टाक मंग आनखी एक अर्ज."

टाकलाय. तीस दिवस मोजतोय.